धारोष्ण दूध आणि मेंढपाळाचा ताप

(कृषी अधिकारी, परळी वैजनाथ, जिल्हा बीड)

दूध हे पूर्णान्न आहे, हे वाक्य विस्तारकार्याच्या पत्रकांतून इतक्या वेळा छापले गेले आहे की, ते वाचताना आता कोणाचेच लक्ष त्यावर ठरत नाही. वाक्य खोटे नाही. परंतु जे अन्न माणसाला पोसते तेच जंतूंनाही पोसते, हा त्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग सांगावयाचे आपण सहसा विसरतो. गाई-म्हशींच्या दुधाबाबत निदान थोडेफार सांगितले जाते. कारण ते दूध संकलन केंद्रावर जाते, तेथे त्याची फॅट पाहतात, पुढे डेअरीत ते तापविले जाते. मेंढीचे दूध मात्र कोणत्याच केंद्रावर जात नाही. ते वाड्यावर निघते आणि वाड्यावरच संपते. म्हणूनच त्याचा हिशेब कोठे नाही, त्याविषयी पत्रक नाही, आणि त्यापासून एखाद्यास आजार जडला तर तो त्या दुधाशी जोडून पाहण्याचे कोणाच्या मनातही येत नाही.

गेल्या उन्हाळ्यातील गोष्ट सांगतो. वाण धरणाच्या अंगाला, नागापूरच्या शिवारात, एका शेतकऱ्याने पीक निघाल्यावर आपल्या मोकळ्या रानात मेंढरे बसविली होती. लेंडीचे व मुताचे खत जमिनीस मिळावे आणि त्याचा मोबदला धनगरास धान्यात वा रोख मिळावा, ही आपल्या भागातील जुनी व दोन्ही पक्षांच्या हिताची पद्धत आहे. मातीचे नमुने घेण्यासाठी मी सकाळी लवकरच तेथे पोचलो. वाघुरीतून मेंढ्या अजून सोडल्या नव्हत्या. वाड्यावरील वडीलधारे गृहस्थ नुकतीच धार काढून आले होते. त्यांनी चरवीतील फेसाळ दूध पेल्यात ओतले आणि माझ्यापुढे केले.

"घ्या सायेब. आत्ताच धार काढलीय. ऊन-ऊन हाय तवर घ्या."

नको म्हणणे हा त्यांच्या आतिथ्याचा अवमान झाला असता, आणि घेणे माझ्या शिक्षणाला सोडून झाले असते. मी म्हटले, "बाबा, याला चुलीवर चांगली उकळी येऊ द्या. मग आपण सगळेच चहा घेऊ." ते हसले आणि म्हणाले, "उकळल्यावर त्यातला दम जातो, सायेब."

त्या वेळी त्यांचा पंचविशीतील मुलगा बाभळीच्या सावलीत घोंगडीवर पडून होता. गेले तीन महिने त्यास ताप येत होता व जात होता. संध्याकाळी अंग तापावयाचे, रात्री घामाने अंथरूण भिजावयाचे, सकाळी तो उठून चालावयाचा. परंतु कंबर व गुडघे धरलेले. हिवतापाची औषधे दोन वेळा झाली होती, विषमज्वराची एकदा. औषधपाण्यासाठी मेंढ्या विकाव्या लागल्या होत्या. मी सहज विचारले, यंदा कळपात मेंढ्या गाभडल्या काय? म्हातारबाबांनी बोटे मोजली. माघाच्या सुमारास नऊ मेंढ्यांनी दिवस भरण्यापूर्वीच गाभ टाकला होता. आणि अडलेली मेलेली कोकरे याच मुलाने उघड्या हातांनी ओढून काढली होती.

मी कृषी पदवीधर आहे, पशुवैद्य नव्हे आणि माणसांचा वैद्य तर नव्हेच. तरीही एवढे ऐकल्यावर कोणता प्रश्न मनात यावा, हे प्रत्येक गावपातळीवरील कार्यकर्त्यास ठाऊक असावयास हवे, असे माझे मत आहे. मी त्या मुलास मोठ्या सरकारी रुग्णालयात जाण्यास सांगितले व एका कागदावर तेथील डॉक्टरांसाठी दोन ओळी लिहून दिल्या: हा मेंढपाळ आहे; निरसे दूध पितो; कळपात गर्भपात झाले आहेत. रक्ततपासणीत ब्रुसेलोसिस निघाला. सहा आठवड्यांचे औषध झाले. आता तो हिंडता-फिरता आहे. दूध कारण ठरले की कोकरे ओढणारा हात, हे आज कोणीही निश्चित सांगू शकणार नाही. दोन्ही वाटा उघड्या होत्या.

ब्रुसेलोसिस हा नवा रोग नाही. भूमध्य समुद्रातील माल्टा बेटावर ब्रिटिश सैनिकांना असाच येणारा-जाणारा ताप छळीत असे. डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने १८८७ मध्ये मृत सैनिकांच्या प्लीहेतून त्याचा जंतू शोधून काढला. त्याच्याच नावावरून जंतूस ब्रुसेला हे नाव पडले. परंतु हा जंतू माणसात येतो कोठून, हे पुढे अठरा वर्षे कोणास उमगले नाही. माल्टामध्ये शेळ्या दारोदार नेऊन गिऱ्हाइकासमोर दूध काढून देण्याची चाल होती. म्हणजे आपण ज्यास धारोष्ण म्हणतो तेच ते दूध. १९०५ साली थेमिस्टोक्लीस झामित या माल्टाच्याच डॉक्टरने शेळ्यांचे रक्त तपासले, तेव्हा धष्टपुष्ट दिसणाऱ्या, भरपूर दूध देणाऱ्या शेळ्यांत हा रोग सापडला. त्याच वर्षी माल्टाहून अमेरिकेस शेळ्या घेऊन निघालेल्या 'जोशुआ निकल्सन' या जहाजावर जे खलाशी वाटेत त्यांचे निरसे दूध प्याले, त्यांपैकी बहुतेकांना तापाने गाठले. १९०६ मध्ये सैनिकांना शेळीचे दूध देणे बंद झाले आणि छावण्यांतील ताप झपाट्याने ओसरला.

या हकिकतीत आपल्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखी बाब म्हणजे त्या शेळ्या आजारी दिसत नव्हत्या. आपला मेंढपाळ जनावर ओळखण्यात कोणाही पदवीधराहून कुशल असतो. मेंढीच्या चालीवरून, तिच्या डोळ्यांवरून तो रोग सांगतो. "माझी मेंढी निरोगी आहे, तिचे दूध मला काय करणार?" असे तो म्हणतो, तेव्हा त्यामागे पिढ्यांचा अनुभव असतो. पण हा एक रोग असा आहे की, तेथे डोळ्याचा अनुभव कामास येत नाही. एकदा गाभ टाकलेली मेंढी पुढच्या वेतास सुखरूप व्यायली, म्हणजे ती बरी झाली असे नव्हे. तिच्या दुधातून व जारेतून जंतू पुढेही बाहेर पडू शकतात. शेळ्या-मेंढ्यांतील जात, ब्रुसेला मेलिटेन्सिस, ही माणसास गाईंतील जातीपेक्षा अधिक जाचक असते.

आता निरशा दुधातील धोका एकाच प्रकारचा नसतो, हे समजून घेतले पाहिजे. कारण प्रत्येक प्रकारावर उपाय निराळा आहे आणि आपण "दूध उकळून प्या" या तीन शब्दांत सर्वांची बोळवण करतो.

काही जंतू जनावराच्या शरीरातूनच दुधात उतरतात. ब्रुसेला हा त्यांतला. क्षयाच्या काही जंतूंचेही तसेच. येथे कास कितीही स्वच्छ धुतली, भांडे कितीही लख्ख असले, दूध लगेच गार केले, तरी उपयोग नाही. थोडेसे जंतूदेखील रोग करण्यास पुरतात. अशा जंतूंस एक विस्तवच भारी पडतो. दूध ६३ अंश सेल्सियसवर ३० मिनिटे किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद तापविले की हे जंतू मरतात. डेअरीत पाश्चरीकरण म्हणतात ते हेच. वाड्यावर तापमापक नसतो. तेथे पूर्ण उकळी हीच खूण.

दुसरे जंतू बाहेरून पडतात: लेंडीतून, लोकरीतून, हातातून, भांड्याच्या खाचेतून, पाण्यातून. हगवण व उलट्या करणारे बहुतेक जंतू या वाटेने येतात. त्यांचे बळ संख्येत असते आणि संख्या वेळेबरोबर वाढते. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४० अंशांवर जातो. अशा उबेत जंतूंची संख्या अर्ध्या तासाला दुप्पट होते असे धरले, तरी एकाचे चार तासांत २५६ होतात. वीस मिनिटांला दुप्पट धरली, तर ४,०९६. सकाळी सहाला काढलेले दूध दहा वाजता चुलीवर चढते, तेव्हा ते सकाळचे दूध राहिलेले नसते.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा आहे. कासेचा दाह, ज्यास आपण दगडी म्हणतो, तो झालेल्या मेंढीच्या दुधात, अथवा हातावर पिकलेली जखम असणाऱ्याने काढलेल्या दुधात, स्टॅफिलोकॉकस जातीचे जंतू असतात. दूध उबेत तासन् तास राहिले तर ते एक विष तयार करतात. नंतर उकळल्याने जंतू मरतात. विष मात्र उकळीलाही दाद देत नाही. असे दूध प्यालेल्या माणसास थोड्या तासांतच उलट्या सुरू होतात, आणि "दूध तर उकळले होते" असे म्हणत घरची मंडळी दृष्ट काढावयास बसतात. येथे उपयोग स्वच्छतेचा व घाईचा.

एकूण पाहता, जेथे स्वच्छता हरते तेथे विस्तव लागतो आणि जेथे विस्तव हरतो तेथे स्वच्छता. एकाने दुसऱ्याचे काम भागत नाही. गावोगावच्या सभांत हे इतक्या सोप्या रीतीने सांगितलेले माझ्या ऐकिवात नाही. मीही पूर्वी सांगत नसे.

धारोष्ण दुधाची महती आपल्या समाजात मोठी आहे. मी स्वतः लहानपणी आजोळी गोठ्यात आजोबांच्या समोर तोंड उघडून बसत असे आणि ते धार सरळ तोंडात सोडीत. त्या गोडीची आठवण मी खोटी म्हणणार नाही. आजोबाही उत्तम जगले. असे दाखले प्रत्येक गावात मिळतात व ते सांगणारा मनुष्य खोटे बोलत नसतो. परंतु जे तापाने अंथरुणाला खिळले, ज्यांच्या कंबरा धरल्या, ज्या बाया कारण न कळता गर्भपात सोसून बसल्या, त्यांचे दुखणे कोणी दुधाच्या खात्यावर मांडले नाही. ते हिवतापाच्या, वाताच्या किंवा नशिबाच्या खात्यावर गेले. जमाखर्चाची एकच बाजू पाहून व्यवहार फायद्याचा ठरविण्यासारखे हे आहे.

उकळल्याने दम जातो, या म्हणण्यात तथ्य किती? काही जीवनसत्त्वे, विशेषतः क आणि ब गटातील थोडी, उष्णतेने कमी होतात, हे मान्य केले पाहिजे. पण मेंढीच्या दुधाचा खरा दम आहे तो त्यातील स्निग्धांशात व प्रथिनांत. गाईच्या दुधात स्निग्धांश शेकडा साडेतीन-चार असतो, मेंढीच्या दुधात सहा-सात. प्रथिनेही दीडपटीहून अधिक. हे सर्व आणि त्यातील चुना उकळल्यावरही जागच्या जागी राहतात. शिवाय क जीवनसत्त्वासाठी कोणी दूध पीत नाही. त्यासाठी आवळा आहे, पेरू आहे, लिंबू आहे.

अलीकडे या जुन्या समजुतीस एक नवे खतपाणी मिळाले आहे. डेंग्यूची साथ आली की, शेळीचे निरसे दूध प्याल्याने रक्तातील प्लेटलेट वाढतात, अशी वदंता उठते. शहरातून माणसे शेळ्या शोधीत खेड्यांत येतात, तोंडाला येईल तो भाव देतात आणि ते दूध न तापविता रुग्णास पाजतात. शेळीच्या दुधाने डेंग्यूत प्लेटलेट वाढतात, यास विश्वसनीय आधार नाही. डेंग्यूचा रुग्ण सांभाळला तर बहुधा त्याच्या प्लेटलेट आपोआप वाढतात आणि श्रेय शेळीस मिळते. उस्मानाबादी शेळीचा मुलूख आपल्याला लागूनच असल्याने असे गिऱ्हाईक आपल्याही शेतकऱ्यांकडे येते. चार पैसे मिळत असतील तर दूध विकण्यास माझी हरकत नाही. मात्र विकणाराने "तापवूनच पाजा" एवढे स्पष्ट सांगावे. तापाने खंगलेल्या माणसास दुसऱ्या तापाचे जंतू देणे हा व्यापार नव्हे.

परळीत हा विषय निघाला की श्रावण व महाशिवरात्र यांचा उल्लेख अटळ असतो. वैद्यनाथास वाहावयाच्या दुधाविषयी मला काही म्हणावयाचे नाही. परंतु घरी वा सप्त्याच्या मंडपात शेकडो लोकांना वाटावयाचे पंचामृत करताना दूध आधी उकळून गार करून घेतले, तर श्रद्धेस कोठेही बाध येत नाही. प्रसाद हातावर घेणाऱ्यांत लहान मुले व गरोदर स्त्रिया असतात.

आता थोडे आपल्याच कामाविषयी लिहितो, आणि ते काहींना रुचणार नाही. स्वच्छ दूधउत्पादनाची आपली चित्रे पाहावीत: फरशीचा गोठा, नळाचे पाणी, पांढरा पोशाख, चकचकीत बादली. वर्षातले आठ महिने उघड्या रानात तळ टाकून राहणाऱ्या माणसाने ते चित्र पाहून काय बोध घ्यावा? त्याच्याजवळ एक चूल आहे, दोन-तीन भांडी आहेत, सरपण गोळा करून आणावे लागते, पाणी हंड्याने येते. आपला उपदेश त्याच्या वाड्यावर बसत नसेल, तर दोष उपदेशाचा आहे. ऊस तोडावयास कारखान्याच्या फडावर जाताना शेळी बरोबर नेणाऱ्या कुटुंबांचीही हीच स्थिती आहे, आणि आपल्या बीड जिल्ह्यात अशी कुटुंबे थोडी नाहीत.

म्हणून वाड्यावर जे होऊ शकते तेवढेच सांगतो. मेंढी मागच्या बाजूने पिळतात. त्यामुळे लेंडी व लोकरीचा मळ सरळ भांड्यात पडतो. शेपटीखालची व कासेभोवतीची लोकर कातरून टाकली, तर निम्मा मळ तेथेच टळतो. त्यास खर्च नाही, कात्री वाड्यावर असतेच. रुंद तोंडाच्या पातेल्यापेक्षा अरुंद तोंडाची कासंडी चांगली. आपल्या पूर्वजांनी तिचा आकार उगाच तसा केला नव्हता. हात साबणाने धुवावेत. पाणी कमी असेल तर कास ओली करून चिखल करण्यापेक्षा स्वच्छ कोरड्या फडक्याने पुसणे बरे. आणि तेच मळके फडके पन्नास मेंढ्यांना फिरवू नये. प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा वेगळ्या वाटीत काढून पाहाव्यात. गाठी, पू, रक्त अथवा पाणचट दूध दिसले, तर ती मेंढी शेवटी पिळावी व तिचे दूध टाकून द्यावे. ज्या मेंढीस सुई टोचली आहे, तिचे दूध पशुवैद्य सांगतील तितके दिवस वापरू नये. फडक्याने गाळल्याने केस व काडी निघते, जंतू निघत नाहीत. दूध गाळले म्हणजे शुद्ध झाले हा समज सोडावा. तेलाचे वा औषधाचे रिकामे प्लॅस्टिकचे डबे दुधास वापरतात, ते तर कधीच नको. भांडे गरम पाण्याने व धुण्याच्या सोड्याने घासून उन्हात पालथे घालावे.

आणि उकळणे. मेंढीचे दूध दाट असल्याने बुडाला लवकर लागते व करपते. म्हणून वाड्यावरील बाया ते कोमट होताच उतरवितात आणि "तापविले" म्हणतात. येथेच घात होतो. मंद आचेवर सारखे ढवळीत राहावे, उकळी फुटून दूध वर आले की आच कमी करून आणखी एक-दोन मिनिटे ढवळावे, मग उतरवावे. धार काढल्यापासून तासाभरात हे व्हावे. चहात जे दूध जाते ते चहाबरोबर खळखळून उकळले, तर त्यात जवळपास हे सर्व येते. आपल्या मेंढपाळास चहाच्या सवयीने नकळत पुष्कळ वाचविले असेल, असे मला वाटते. उकळलेले दूध झाकून, भांड्याभोवती ओले गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवावे. दही लावावयाचे दूधही आधी उकळलेलेच हवे; निरसे दूध विरजले की आंबटपणा जंतूंना मारतो, यावर विसंबून राहू नये. चिकाचेही तसेच. खरवस वाफेवर चांगला शिजतो, तेव्हा त्याची काळजी नाही. कच्चा चीक मात्र पोरांना चाटवू नये.

कोणी म्हणेल, परदेशात तर मेंढीच्या निरशा दुधाचे चीज आवडीने खातात. खरे आहे. फ्रान्समधील रोकफोर हे चीज मेंढीच्या न तापविलेल्या दुधाचेच असते. पण ते किमान ९० दिवस मुरविले जाते; आणि युरोपीय संघाच्या नियमानुसार, न तापविता वापरावयाच्या मेंढी-शेळीच्या दुधात एका मिलिलिटरमागे ५ लाखांपेक्षा अधिक जंतू असता कामा नयेत, तापवून वापरावयाच्या दुधात १५ लाखांपेक्षा अधिक नकोत. दूध देणारे कळप ब्रुसेलोसिसच्या दृष्टीने तपासलेले असावे लागतात. म्हणजे तेथे विस्तवाची जागा तपासणीने घेतली आहे. आपल्याकडे तपासणी नाही, तोवर विस्तव सोडणे परवडणारे नाही.

तपासणीच्या या प्रश्नावर मला शासनास व आपणा सर्वांस काही सांगावयाचे आहे. ११ सप्टेंबर २०१९ रोजी मथुरा येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात लाळ-खुरकूत व ब्रुसेलोसिस हे दोन रोग घेतले आहेत. त्यात ब्रुसेलोसिसची लस ४ ते ८ महिने वयाच्या कालवडी व वगारींना टोचली जाते. शेळ्या-मेंढ्यांचा त्या लसीकरणात समावेश नाही. गाईंपासून सुरुवात करण्यास कारणे असतील. पण माणसास अधिक जाचणारी जंतूची जात ज्या जनावरांत राहते, ती जनावरे बाहेर राहावीत, हे मला पटत नाही. पीपीआरची लस टोचण्यासाठी पशुसंवर्धनाचे कर्मचारी शेळ्या-मेंढ्यांच्या कळपांवर जातातच. त्याच फेरीत "यंदा किती गाभडल्या?" हा प्रश्न विचारून गाभडलेल्या मेंढ्यांचे रक्त घेतले, तर वेगळी मोहीम नको, वेगळे वाहन नको. रोझ बेंगालची चाचणी स्वस्त आहे व काही मिनिटांत होते. गाईच्या दुधावर करतात ती कड्याची चाचणी मेंढी-शेळीच्या दुधावर भरवशाची नसते, म्हणून रक्तच घ्यावे. पुण्यात औंध येथे रोग अन्वेषण विभाग आहे. परभणी व उदगीर येथील पशुवैद्यक महाविद्यालये तर आपल्या अंगणातच आहेत.

कायदाही आपल्या बाजूस आहे. जनावरांतील संसर्गजन्य रोगांचा प्रतिबंध व नियंत्रण यासंबंधीचा २००९ चा केंद्रीय कायदा ब्रुसेलोसिसला लागू आहे, आणि रोगाचा संशय आल्यास मालकाने गावच्या अधिकाऱ्यास अथवा पंचायतीस कळवावे व तेथून ते पशुवैद्यास कळविले जावे, अशी त्यात तरतूद आहे. गावपातळीवरील किती कार्यकर्त्यांस आपल्यावर हे काम आहे याची जाणीव आहे? एका कळपात एकाच हंगामात तीन-चार मेंढ्या गाभडल्या, तर १९६२ या क्रमांकावर किंवा जवळच्या दवाखान्यात कळवावे. धनगर आज येथे तर उद्या गंगाखेडच्या वाटेवर असतो, म्हणून उद्यावर टाकू नये. गळालेला गर्भ व जार उघड्या हाताने उचलू नये; हातमोजे नसतील तर प्लॅस्टिकची पिशवी हातावर चढवावी. ते सर्व चुना टाकून खोल पुरावे. वाड्यावरील कुत्री ते ओढीत नेतात आणि साऱ्या शिवारात पसरवितात. ज्याच्या रानात मेंढरे बसली आहेत, त्या शेतकऱ्याचाही यात संबंध आहे. खताबरोबर हा जंतू आपल्या गोठ्यापर्यंत येऊ नये, ही दक्षता त्यानेच घ्यावी. गरोदर स्त्रीने मेंढीच्या बाळंतपणास हात लावू नये.

ज्या मेंढपाळास दोन आठवड्यांहून अधिक काळ ताप रेंगाळतो, त्याने डॉक्टरांना न विचारता सांगावे: मी मेंढ्या राखतो. अंबाजोगाईस वैद्यकीय महाविद्यालय आहे, परळीहून ते दूर नाही. या तापाचे औषध बहुधा दोन प्रकारच्या गोळ्यांचे व सहा आठवडे घ्यावयाचे असते. आठ दिवसांत ताप उतरला म्हणून औषध थांबविले, तर ताप परत येतो, हे कार्यकर्त्यांनी घरी जाऊन सांगितले पाहिजे.

नागापूरच्या त्या वाड्यावर मी पावसाळ्यापूर्वी आणखी दोन वेळा गेलो. दुसऱ्या खेपेस चुलीवर दूध होते आणि सून ते ढवळीत होती. कळपाचे रक्त तपासून घ्यावे, हा विषय मी काढला. म्हातारबाबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तपासल्यावर वीस मेंढ्या वाईट निघाल्या, तर त्या घेणार कोण? आन् पैसं देनार कोण?" अशा मेंढ्या वेगळ्या राखाव्यात, त्यांची कोकरे वाढवू नयेत, दुसऱ्याच्या वाड्यावर पोसावयास त्या विकू नयेत, एवढे मी सांगू शकलो. त्यांच्या दुसऱ्या प्रश्नास माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि ते मिळाल्याखेरीज कोणताही शहाणा मेंढपाळ आपला कळप स्वखुशीने तपासणीस आणणार नाही, असे मला वाटते. पुढील उन्हाळ्यात रान मोकळे झाले की वाडा पुन्हा नागापूरकडे येईल. तेव्हा ते मला हाच प्रश्न विचारतील.